चमचाभर बाटलेली व्हिस्की

लीथकर
शुक्रवार, रात्री ११:१०

मंडळी, गेल्या शनिवारी घरी चार बाटल्या एकदम उघडल्या. वॉर्डहेड, बर्नसाइड, वेस्टपोर्ट आणि विल्यमसन. ही नावं घेऊन अख्खं स्कॉटलंड पालथं घातलंत तरी या नावाची डिस्टिलरी सापडायची नाही. चारही लेबलांवर 'ब्लेंडेड माल्ट' असं लिहिलेलं, म्हणजे एकाहून जास्त डिस्टिलऱ्यांच्या माल्टचं (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीचं) मिश्रण. आणि तरी प्रत्येक बाटलीत, जवळजवळ शेवटच्या थेंबापर्यंत, एकाच डिस्टिलरीचा माल.

मागच्या धाग्यात दोघातिघांनी 'टीस्पून्ड माल्ट म्हणजे काय रे भाऊ' असं विचारलं होतं आणि मी आळसानं टाळलं होतं. ते उत्तर आता देतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी थेट खाली चवीपाशी उतरावं.

इथे स्कॉटलंडात व्हिस्की गाळणारे वेगळे, आणि त्यांच्याकडची भरलेली पिंपं विकत घेऊन स्वतःच्या लेबलाखाली बाटलीत उतरवणारे वेगळे. या दुसऱ्यांना इंडिपेंडंट बॉटलर म्हणतात, मी घरी बाटलीवाले म्हणतो. आपल्याकडे बाटलीवाला म्हणजे एकतर रद्दीवाल्याचा जोडीदार नाहीतर पारशी आडनाव. इथे मात्र त्यांचा मान मोठा. कॅडनहेड १८४२ पासून आहे. एल्गिनचं गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ चं, मुळात किराणा दुकान. सिग्नेटरी त्या मानानं कालपरवाचं, १९८८. एकाच पिंपातली व्हिस्की, रंग न घालता, थंड करून गाळून न घेता, बहुतेक वेळा पिंपातल्याच ताकदीनं ही मंडळी देतात. माझ्यासारख्याला डिस्टिलरीच्या अधिकृत बाटलीपेक्षा यांचा माल जास्त आवडतो याचं कारण तेच.

पिंपं बाहेर येतात कशी? मोठ्या ब्लेंडमध्ये अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट लागतात, म्हणून मालक आपसात देवाणघेवाण करतात. काही पिंपं दलालांकडे जातात, काही नुसती जास्तीची असतात. पण पिंप दाराबाहेर पडलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. उद्या ते भलत्याच कुणीतरी भरलं, वर आपलं नाव छापलं, वाईट निघालं तर? आणि चांगलं निघून आपल्यापेक्षा स्वस्त विकलं तर? माझ्या मते खरी भीती ही दुसरी.

त्यावरचा तोडगा अस्सल गावठी आहे. माल बाहेर देण्याआधी त्यात शेजारच्या डिस्टिलरीचा माल्ट किंचित मिसळायचा. म्हणायला चमचाभर. कायद्यानं सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीचा माल. दुसऱ्याचा थेंबही पडला की तो ब्लेंडेड माल्ट, आणि मग मूळ डिस्टिलरीचं नाव त्याला लावता येत नाही. किती मिसळलं याला कायद्यात महत्त्व नाही, मिसळलं एवढं पुरे.

माझी आजी वसईकडची. ती सांगायची, फिरंग्यांच्या काळात रात्री विहिरीत पाव टाकायचे, सकाळी गाव पाणी भरायचं आणि दुपारपर्यंत गावच्या गाव बाटलेलं. पाण्याची चव बदलली का, हे कुणी विचारलं नाही. टीस्पूनिंग पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पहिली तीच विहीर आठवली.

आता कोण कोणाचं ते. बाटलीवर हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण दुकानदारापासून पिणाऱ्यापर्यंत सगळे असंच धरून चालतात. वॉर्डहेड म्हणजे ग्लेनफिडिक, त्यात बाल्व्हेनीचा चमचा. बर्नसाइड उलटं, बाल्व्हेनीत ग्लेनफिडिकचा चमचा. दोन्ही विल्यम ग्रँटच्या घराण्याच्या, डफटाउनमध्ये एकमेकींना खेटून उभ्या. मी दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. एकीच्या आवारातून दुसरीकडे चालत जायला सिगारेटसुद्धा संपत नाही. ग्लेनफिडिकमधून पहिली धार १८८७ च्या नाताळच्या दिवशी पडली, बाल्व्हेनी त्यानंतर पाचेक वर्षांची. म्हणजे सख्ख्या जावा एकमेकींच्या भांड्यात चमचा बुडवतात असा प्रकार. वेस्टपोर्ट म्हणजे ग्लेनमोरांजी, त्यात ग्लेन मोरेचा चमचा. तेही एकेकाळी एकाच मालकाचं, २००८ पर्यंत. विल्यमसन म्हणजे लॅफ्रॉएग. नाव बेसी विल्यमसनबाईंवरून. १९३४ साली उन्हाळ्यापुरतं ऑफिसचं काम करायला त्या आयला बेटावर आल्या, मालकाचा विश्वास बसला, आणि १९५४ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रानं डिस्टिलरी यांच्या नावावर. १९७२ पर्यंत त्याच पाहत होत्या. लपवायलाच नाव घ्यायचं तर हे घ्यावं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

बसायला चौघं. मी, बायको, तिचा मावसभाऊ आणि खालच्या मजल्यावरचे स्कॉटिश आजोबा, जे आयुष्यभर स्वस्तातली ब्लेंड पाण्यात घालून पीत आलेत. आई भारतातून आलेली आहे, ती पीत नाही, पण वास घ्यायला बसली.

वॉर्डहेड, १९९७ सालची, आधी वापरून झालेल्या पिंपातली. रंग उसाच्या रसासारखा फिका. नाकाला पिकलेलं पेर (फळवाल्याकडचं नासपती), हिरवं सफरचंद, जरा ओला पेंढा. जिभेवर आधी तिखट, मग थंड झालेला अननसाचा शिरा. चार थेंब पाणी घातल्यावर खुलली. शेवटी जिभेच्या कडांना ताज्या अक्रोडाच्या सालीचं तुरटपण. शेजारी मुद्दाम ग्लेनफिडिकची १२ वर्षांची अधिकृत बाटली ठेवली होती. पेर तेच, पण बरंच पाणी घालून साखर टाकलेलं.

बर्नसाइडवर मी अडकलो तो अडकलोच. मध आहे, पण बरणीतला नाही, पोळ्यातला, मेणासकट. त्याच्या मागून पुरण ढवळताना हात थांबला आणि कढईला जरासं लागलं की येतो तो वास. करपलेलं नाही, करपायच्या आधीच्या क्षणाचं. मग जायफळ. गिळून झाल्यावर पाच-सात मिनिटांनी परत मध वर येतो. अर्धा तास तोच ग्लास घेऊन बसलो, बाकीचे पुढे गेले. आजोबांनी पाणी मागितलं नाही, हे त्यांच्या दृष्टीनं प्रशस्तिपत्रक.

वेस्टपोर्ट शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली. ग्लेनमोरांजीची दारू गाळायची भांडी स्कॉटलंडात सगळ्यांत उंच, मान ५.१४ मीटर, त्यामुळे दारू नाजूक, फुलासारखी उतरते. इथे शेरीनं ते फूल चुरगाळून टाकलंय. काळ्या मनुका, संत्र्याची साल, चॉकलेट. वाईट नाही. ज्यांना श्रीखंडात सुका मेवा जास्त आणि श्रीखंड कमी लागतं त्यांच्यासाठी.

विल्यमसनचं बूच काढलं आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणाला लागलं रे? टिंचर कोणी काढलं?" याहून नेमकं मला लिहिता येणार नाही. दवाखाना, त्यात सुकट भाजल्याचा धूर आणि होळीच्या दुसऱ्या दिवशीची ओली राख. आत खोल कुठेतरी गोड लिंबू. २०१० ची आहे, ५५ टक्क्यांच्या वर. मावसभावानं नुसता वास घेऊन ग्लास परत केला.

माझं म्हणणं एवढंच, की या बाटल्यांवरचा 'ब्लेंडेड' हा शब्द वाचून लोक पुढे जातात, आणि त्या शब्दात चवीचं काहीही नाही.

---

सोडासम्राट
शुक्रवार, रात्री ११:३२

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी ताज्या डोक्यानं वाचीन. आत्ता जे डोकं आहे ते ताजं नाही.

---

हिशेबनीस
शनिवार, सकाळी ८:०५

लेख फक्कड. सवयीनं आकडे मांडतो.

हॉग्सहेड पिंप साधारण २५० लिटरचं. चहाचा चमचा ५ मिली. म्हणजे पन्नास हजार भागांत एक भाग. ७०० मिलीच्या बाटलीत परक्या माल्टचा वाटा ०.०१४ मिली. एक थेंब ०.०५ मिली धरला तर अख्ख्या बाटलीत पाव थेंबाहून किंचित जास्त. तीसच्या पेगात त्याचा तेविसावा भाग.

विहिरीतही पाव आणि बाटलीतही पावच.

---

वसईकर
शनिवार, सकाळी ९:२०

ज्या गावांबद्दल ती गोष्ट सांगतात त्यातल्या एका गावचा मी. विहिरीत पाव पडला होता का हे आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं. पण गोष्टीतली एक बाजू तुम्ही सोडलीत लीथकर. पाव टाकणाऱ्यानं बाटवलं नाही, बाटलात असं सांगणाऱ्यांनी बाटवलं. पाणी पिऊन झाल्यावर ज्यांनी दार लावून घेतलं ते आपलेच होते.

तुमच्या व्हिस्कीत मात्र पाव टाकणाराही घरचा आणि दार लावणाराही घरचाच. स्वतःच्या पोरीच्या भांड्यात स्वतःच चमचा घालायचा आणि मग आमची नव्हे म्हणायचं. म्हणून उदाहरण अर्धंच लागू.

बाकी बर्नसाइडसाठी जागा ठेवा, डिसेंबरात मुलीकडे येतोय.

---

लीथकर
शनिवार, सकाळी ९:४१

वसईकरकाका, मान्य. आजीच्या तोंडून ऐकलेलं तसंच उतरवलं, ही बाजू कधी डोक्यात आली नव्हती. बर्नसाइड तुमच्या नावानं बाजूला ठेवतो, पण डिसेंबरापर्यंत टिकेल याची हमी बायको देत नाही.

---

पुणेरी तहानलेला
शनिवार, दुपारी १२:१५

लेख वाचून जीभ कोरडी पडली. प्रश्न तीन. एक, हे पुण्यात मिळतं का? दोन, नसेल तर ड्यूटी फ्रीमध्ये? तीन, 'सीक्रेट स्पेसाइड' नावाची बाटली मित्राकडे पाहिली, तीही बाटलेलीच का?

---

लीथकर
शनिवार, दुपारी १२:५०

पुण्यात मी तरी कधी पाहिली नाही. एका पिंपातून दोनअडीचशे बाटल्या निघतात, त्यासाठी राज्याराज्यात लेबल नोंदवून आयातशुल्क भरत कोण बसणार? ड्यूटी फ्रीमध्येही मोठ्या कंपन्यांचाच माल. इथल्या दुकानातून कोणी येणाऱ्याच्या बॅगेत, हाच रस्ता. माणशी दोन लिटरची मर्यादा आहे, म्हणजे ७०० मिलीच्या दोनच बाटल्या नियमात बसतात. तिसरीला चमचाभर जागा कमी पडते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. सीक्रेट स्पेसाइड, सीक्रेट ऑर्कनी या बाटल्या सिंगल माल्टच असतात, लेबलावर तसं लिहिलेलंही असतं. फक्त डिस्टिलरीचं नाव न छापण्याचा करार असतो. तिथे तोंड बंद ठेवलंय, इथे मालच बदललाय. लेबलावर 'ब्लेंडेड माल्ट' आहे की 'सिंगल माल्ट' एवढं बघा, फरक लगेच कळतो.

---

वकीलबाई_नाशिक
शनिवार, दुपारी ३:३०

मी वाइनवाली, व्हिस्कीत गती नाही. पण कायद्याच्या अंगानं हा चमचा फार हुशार आहे, आणि ते वर नीट आलेलं नाही.

समजा मी लॅफ्रॉएगचं पिंप रीतसर विकत घेतलं आणि बाटलीवर लिहिलं, 'ही लॅफ्रॉएगमध्ये गाळलेली आहे'. विधान खरं आहे. ट्रेडमार्क तुमचा असला तरी खरं सांगण्यापासून मला कितपत अडवता येईल, हा भांडणाचा विषय. तसं भांडण झालंही. नव्वदच्या दशकात लॅफ्रॉएगच्या तेव्हाच्या मालकांनी मरे मॅकडेव्हिड या बाटलीवाल्यांना स्कॉटलंडच्या कोर्टात खेचलं, तात्पुरती मनाई मागितली, कोर्टानं ती दिली नाही. पुढे मरे मॅकडेव्हिडनं त्याच मालाला 'लीपफ्रॉग' नाव दिलं. मोठ्यानं म्हणून बघा.

आता चमचा घाला. विधान खोटं झालं. मग ट्रेडमार्क, करार, हेतू, कशाचाच कीस पाडायला नको. २००९ चे स्कॉच व्हिस्की नियम सरळ आहेत. पाच प्रकार, सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड. दोन डिस्टिलऱ्यांचे माल्ट एकत्र आले की तिसऱ्या खणात. समोरच्याला खरं बोलण्याचा हक्क असेल तर खरंच बदलून टाकायचं. पाच मिलीत वकिलाची फी वाचली, म्हणून व्यवसायबंधू या नात्यानं माझा निषेध.

---

ओल्डमंकी
शनिवार, संध्याकाळी ६:४५

मंकी शोल्डरवरही ब्लेंडेड माल्ट लिहिलेलं असतं. तीही बाटलेली का मग? मी तर अभिमानानं पितो.

---

लीथकर
शनिवार, संध्याकाळी ७:१०

ओल्डमंकी, ती राजरोस लग्न करून आलेली आहे. २००५ मध्ये याच ग्रँट घराण्यानं ग्लेनफिडिक, बाल्व्हेनी आणि किनिन्व्ही या तीन बहिणींचे माल्ट भरपूर भरपूर मिसळून ती काढली. खण तोच, हेतू उलटा. एक मिसळायचं म्हणून मिसळलेली, दुसरी नाव काढून घ्यायचं म्हणून.

---

हिशेबनीस
शनिवार, रात्री ९:००

आता खोट काढतो. लीथकर, तुम्ही वर लिहिलंत की 'ब्लेंडेड' शब्दात चवीचं काही नाही. बरं. पण मग 'म्हणजे बाल्व्हेनी' या दोन शब्दांत चवीचं आहे का? तुम्हाला बर्नसाइड म्हणजे बाल्व्हेनी हे आधीच ठाऊक होतं. बाल्व्हेनी म्हटलं की मध, हे कुठल्याही पुस्तकात असतं. तुम्हाला मध सापडला.

आणि दुसरं. हे गुपित खरोखर गुपित राहिलं तर बाटलीवाल्यांचा धंदा बसेल. दुकानदार डोळा मारतो, गिऱ्हाईक डोळा मारतं आणि किंमत त्या डोळा मारण्याची लागते. मालकानं नाव काढून घेतलं, बाजारानं ते मागच्या दारानं परत चिकटवलं. तुम्ही नावासाठी पैसे देत नाही असं समजता, पण देताच. कुजबुजीसाठी.

झाकून प्या. बायकोला ग्लास भरायला सांगा. मग बोलू.

---

थंडा कोकम
शनिवार, रात्री ९:४०

मी अपेयपानातला नाही, पण धागा सोडवत नाहीये. हिशेबनीसांना +१. आमच्याकडे हापूसचं असंच चालतं. पेटीवर देवगड, आत कुठला ते पेटीलाच ठाऊक.

---

ग्लासगोची ताई
रविवार, सकाळी १०:३०

मी या धंद्याच्या कागदपत्रांच्या बाजूला काही वर्षं काढली आहेत. कंपनीचं नाव विचारू नका. तिथे चमचा घेऊन उभा असलेला माणूस मी कधी पाहिला नाही. टाकीत माल एकत्र होतो, नोंद होते, प्रकार बदलतो, पुढे तो माल त्या बदललेल्या नावानंच जगतो. 'टीस्पून' हा बोलण्यातला शब्द. खरं प्रमाण चमच्याहून जास्त असू शकतं, म्हणून हिशेबनीसभाऊंचा पाव थेंब लाडिक आहे, पण त्यावर पैज लावू नका.

एक गोष्ट भारताशी जोडलेली आहे आणि ती कुणीच काढली नाही. २०१२ च्या नोव्हेंबरपासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडबाहेर फक्त बाटलीत भरूनच पाठवता येते. टँकरमधून नाही. आता आपल्याकडच्या कितीतरी देशी व्हिस्क्यांच्या लेबलावर 'स्कॉच माल्ट मिसळलेली' असं अभिमानानं लिहिलेलं असतं, तो माल्ट मोठ्या प्रमाणात इथून घाऊक जातो. तो जायचा तर ब्लेंडेड माल्ट होऊनच जातो. म्हणजे लीथकरनं शंभर पौंड मोजून जी वर्गवारी टेबलावर मांडली, तीच वर्गवारी ओल्डमंकीभाऊंच्या चुलत्यांनी धाब्यावर पिऊन संपवली असणार. दर्जा अर्थातच सारखा नाही, कायद्याचा खण मात्र तोच.

आणि कार्डू या सिंगल माल्टचं प्रकरण कुणीतरी सांगायलाच हवं होतं. २००३ मध्ये स्पेनमध्ये कार्डू इतकी खपायला लागली की माल पुरेना. तिची मालक कंपनी डिआजियो, तिनं काय केलं, तर दुसऱ्या डिस्टिलऱ्यांचे माल्ट मिसळून, जवळपास त्याच रूपाची बाटली ठेवून, 'सिंगल माल्ट'च्या जागी 'प्युअर माल्ट' असं लिहिलं. केवढा गहजब झाला! पुढच्या वर्षी माघार घ्यावी लागली. तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारं घर कुठलं? विल्यम ग्रँट. मिसळलेल्याला सिंगलसारखं दाखवू नका म्हणून. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण सिंगलला मिसळलेलं दाखवण्याची कला त्यांच्याच घरची, हे वाचताना मला हसू आवरत नाही. २००९ च्या नियमांत 'प्युअर माल्ट' शब्दच बाद झाला तो या भांडणानंतर.

लीथकर, कधी ग्लासगोला आलास तर ये. माझ्याकडे चमचा न पडलेलं काहीतरी आहे.

---

पुणेरी तहानलेला
रविवार, सकाळी ११:०५

ताई, धाब्यावरची ती आम्हीच. आता दोन लिटरच्या नियमावर तरी काही आशा? भारत-ब्रिटन करार झालाय ना म्हणे?

---

वकीलबाई_नाशिक
रविवार, सकाळी ११:३०

करारावर २०२५ च्या जुलैत सह्या झाल्या. त्यात स्कॉचवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. बॅगेतल्या दोन लिटरशी त्याचा संबंध नाही. आणि राज्याचा कर राज्याकडेच राहतो, त्यामुळे फार नाचू नका. तोवर आपला दारू पिण्याचा परवाना जवळ ठेवत जा. हजार रुपयांत आयुष्यभराचा मिळतो, आणि महाराष्ट्रात कडक दारूला वय २५ लागतं हे निम्म्या पुण्याला माहीत नाही.

---

संपादक
रविवार, दुपारी १२:००

मधल्या दोन प्रतिसादांत बाटल्या आणून देण्याची देवाणघेवाण सुरू झाली होती, ते काढले आहेत. चव, इतिहास, भांडण, सगळं चालेल. हे नको.

---

लीथकर
रविवार, रात्री ११:५५

हिशेबनीसांचं आव्हान आज पुरं केलं. तेच चौघं. ग्लास भरायला आई, कारण तिला कशातच रस नाही. तिनं ग्लासांच्या बुडाला चिकटपट्टीवर क, ख, ग लिहिलं आणि कागद ब्लाउजमध्ये खोचून ठेवला.

पहिला प्रयोग, वॉर्डहेड आणि बर्नसाइड झाकून. मी अर्धा तास जिच्यावर अडकलो होतो असं वर लिहिलंय, ती मला ओळखता आली नाही. मी ठामपणे वॉर्डहेडला बर्नसाइड म्हणालो. मधही सापडला, मेणासकट. बायकोनं बरोबर सांगितलं. आजोबांनीही, पण ते म्हणाले, "यातली एक मला गेल्या आठवड्यात आवडली होती, तीच परत आवडली", नावाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. तेव्हा हिशेबनीस, पहिला मुद्दा तुमचा. पुरणाचा वास कढईला होता की माझ्या डोक्यात, हे सांगता येत नाही. पण दुसरा ग्लास मला जास्त आवडला हे तरी खरं, तो कुणाचाही असो. म्हणजे नाव कळल्याशिवायही एक दुसरीपेक्षा सरस लागते, फक्त ती कोणती याबद्दल माझं आणि माझं स्वतःचं एकमत नाही.

दुसरा प्रयोग चमच्याचा. मुद्दाम टोकाचा घेतला, कारण बाल्व्हेनीत ग्लेनफिडिक कुणालाच ओळखू येणार नाही. ५० मिली वॉर्डहेडमध्ये विल्यमसनचा एकच थेंब, औषधाच्या ड्रॉपरनं. हे हजारात एक झालं, म्हणजे हिशेबनीसांच्या चमच्याच्या पन्नास पट. प्रत्येकाला तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. चौघांपैकी दोघांनी वेगळा बरोबर काढला, मी आणि मावसभाऊ. छाती फुगवली असती, पण तीनांतून एक डोळे मिटून उचलला तरी चौघांत एक-दोन बरोबर येणारच. पुन्हा केलं तर मी चुकलो, मावसभाऊ बरोबर. त्याला गेल्या शनिवारपासून त्या वासाची धास्ती बसलीय, भीतीनं नाक तीक्ष्ण होत असावं.

मग ५० मिलीत अख्खा चमचा. ते सांगायलाच नको, आईनं ओतता ओतताच नाक मुरडलं.

---

हिशेबनीस
सोमवार, सकाळी ८:१०

चूक कबूल केलीत, मानलं. चार माणसं आणि दोन फेऱ्या म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, पण मावसभावाला माझ्याकडून एक थाप. कुजबुजीचा मुद्दा मात्र तुम्ही शिताफीनं टाळलात.

---

लीथकर
सोमवार, सकाळी ८:४५

टाळला नाही, उत्तर नव्हतं. कुजबुजीचे पैसे देतो, खरंय. बर्नसाइडच्या जागी नुसतं 'एका डिस्टिलरीची' लिहिलं असतं तर मी ती उचलली नसती. पण त्याच वयाची, त्याच ताकदीची, एकाच पिंपातली अधिकृत बाल्व्हेनी घ्यायला गेलो तर माझं बजेट दारातच बसतं. कुजबूज निदान परवडते.

एक राहिलं. काल ज्या चमच्यानं विल्यमसन मोजली तो मी नुसता खळबळून परत डब्यात टाकला. आज सकाळी आईनं त्याच चमच्यानं साखर घातली. पहिला घोट घेऊन म्हणाली, "दूध करपलंय." बायकोला काही लागलं नाही. मला लागलं, पण मला आता कशातही लागतं.

---

ग्लासगोची ताई
सोमवार, सकाळी ९:३०

त्या चहाला आता आसाम म्हणता येणार नाही हं.